शेवटच्या टप्प्यातला वारा

सुटणार

बाळाचार्यांचा डावा कान नोकरीत गेला. गेला म्हणजे बहिरा झाला असं नव्हे. उलट त्या कानाला नको तेवढं ऐकू येई. हुबळीच्या कंट्रोल ऑफिसात एकतीस वर्षं त्या कानावर हेडफोन होता, आणि एका तारेवरून उणकल, नवलूर, मुगद, कंबारगणवी, अळणावर, लोंढा, पार कॅसलरॉकपर्यंतचे सगळे स्टेशन मास्तर एकाच वेळी बोलत. शहात्तर साली रिटायर होऊन ते धारवाडला, सप्तापूरच्या घरात येऊन बसले, तरी चहा पिता पिता मधेच म्हणत, "हां, बोला मुगद."

"मुगद नाही, मी बोलतेय," श्यामलाबाई म्हणत. "साखर पुरे का विचारतेय."

कंट्रोलरचं काम बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. टेबलावर लांबलचक कागद. वरून खाली स्टेशनं, डावीकडून उजवीकडे वेळ. गाडी सुटली की तिची तिरकी रेघ ओढत न्यायची. मेलची लाल, पॅसेंजरची निळी, मालगाडीची हिरवी. लाईन एकेरी, म्हणून समोरासमोरून येणाऱ्या दोन रेघा स्टेशनातच एकमेकींना छेदायला हव्यात. मधे कुठे छेदल्या तर कागदावर नुसती फुली दिसते. बाहेर माणसं मरतात. बाळाचार्यांच्या एकतीस वर्षांत अशी फुली पडली नव्हती. हे ते कुणाला सांगत नसत. न पडलेल्या फुलीबद्दल सांगणार काय?

ते थकले होते. झोपून जाणारा थकवा नव्हता तो. कुणीतरी सतत आपल्या परवानगीची वाट बघत थांबलेलं आहे, असा थकवा.

त्यांना मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ आणि भावजय एका वर्षात गेले तेव्हा त्यांचा नऊ वर्षांचा भीमसेन यांच्याकडे आला. तो बाळाचार्यांना अप्पा म्हणे आणि श्यामलाबाईंना काकू. या नात्यांचा मेळ लावायला त्याला कुणी सांगितलं नाही. हुबळीला इंजिनिअर झाला, संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकला, शिष्यवृत्तीवर लियोंला गेला आणि तिथेच नोकरीला चिकटला. सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याचं जाडजूड पाकीट आलं. पोस्टमन परशुराम ते हातात तोलत म्हणाला, "आचार्य, पोरगं पत्र लिवतंय का दगडं धाडतंय री?"

आत होतं हे:

'अप्पा, मला बसवलंय वेळापत्रकावर. कंपनीचं नाव एर सार्सेल. सार्सेल म्हणजे हिवाळ्यात केलगेरीच्या तळ्यावर उतरतं तसलं लहान बदक. विमानाच्या शेपटीवर त्याचं चित्र आहे. मालक देलमास, पूर्वी डोंगरात बस चालवायचा. आमची चार विमानं, सात गावं. सकाळी सगळं ठीक असतं, दुपारी उशीर, संध्याकाळी लोक काउंटरवर मुठी आपटतात. विमानं चांगली आहेत, पायलट चांगले आहेत. चूक सापडत नाही. तुम्ही एकदा बघाल का? पायलटांच्या सहा महिन्यांच्या नोंदी सोबत पाठवतोय.'

बाळाचार्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग माळ्यावरून उरलेला चार्टचा कागद काढला, मधल्या खोलीत जमिनीवर पसरला, आणि त्याच्या कोपऱ्यांवर ठेवायला काहीतरी जड शोधायला स्वयंपाकघरात गेले.

"वरवंटा कुठे नेलात?" श्यामलाबाईंनी आतून विचारलं. "चटणी कशानं वाटू?"

"थांब जरा. आजाक्सियो उडतंय."

"कोण उडतंय?"

"गाव."

शनिवार, विमान दुसरं

लियों सुटणार ६.३० — आजाक्सियो ७.५५
आजाक्सियो ८.२५ — लियों ९.५०
लियों १०.२० — नीस ११.२०
नीस ११.५० — लियों १२.५०
लियों १.२० — आजाक्सियो २.४५
आजाक्सियो ३.१५ — लियों ४.४०

पुढे असंच दिवस मावळेपर्यंत. उडायचं, अर्धा तास थांबायचं, उडायचं.

बाळाचार्यांनी चार विमानांना चार रंग दिले. गावं वरून खाली मांडली, लियों मधोमध. आकाशात लाईन एकेरी नसते, तिथे दोन रेघा कुठेही छेदल्या तरी चालतं, हे पहिले दोन दिवस त्यांच्या हाताला पटेना. नीसच्या अलीकडे दोन रेघा एकमेकींवर आल्या की पेन्सिल आपोआप थांबे आणि डावा कान मास्तराच्या आवाजाची वाट बघे. तिसऱ्या दिवशी हात सैल झाला. चौथ्या दिवशी चूक दिसली.

चूक कुठल्याही एका ओळीत नव्हती. सहा वाजून तीस मिनिटांच्या विमानाला एक म्हातारी वेळेवर चढली नाही आणि वीस मिनिटं गेली, तर ती वीस मिनिटं परत कुठेच भरून निघत नव्हती. सकाळची म्हातारी संध्याकाळच्या शेवटच्या विमानापर्यंत चढतच राहत होती. सगळ्या कागदावर एक मिनिट रिकामं नव्हतं.

"सवडच नाही," ते म्हणाले.

"कुणाला?" श्यामलाबाई दारात उभ्या होत्या. वरवंटा न्यायला आल्या होत्या.

"विमानाला."

"मग तुमच्यासारखंच झालं त्याचं," त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यावरचा वरवंटा उचलून घेऊन गेल्या. कागदाचं ते टोक गुंडाळत जाऊन थेट तुलूझवर आलं.

वारा

गोव्याकडून येणाऱ्या गाडीला उणकलपासून हुबळी सहा मिनिटं. छापील वेळापत्रकात एकवीस. ही पंधरा मिनिटं कुठल्या कामाची, असं कुणी विचारलं तर कंट्रोलवाले सांगत, तिथली माती ढिली आहे, गाडी जपून घ्यावी लागते. विचारणाऱ्याला माती ठाऊक होती, सांगणाऱ्याला ठाऊक होती, आणि प्रवाशाला गाडी वेळेवर आली एवढंच ठाऊक होतं. सगळ्या सेक्शनभर झालेला उशीर त्या शेवटच्या दोन स्टेशनांमध्ये मुरून जाई. सवड अशी ठेवायची असते. सवड म्हणून ठेवली की ती टिकत नाही. रिकामी जागा दिसली की माणसाचा हात तिथे जातोच. तिला काहीतरी नाव द्यावं लागतं, आणि ते नाव कामाचं असावं लागतं.

बाळाचार्यांनी भीमूला विचारलं: तिकडे वारा असतो का?

असतो, भीमूनं कळवलं. उत्तरेकडून, नदीच्या खोऱ्यातून खाली येतो. घरांची कौलं उडतात. परतीच्या विमानाला तो समोरून लागतो.

एवढं पुरे होतं. सहा महिन्यांच्या नोंदींतून बाळाचार्यांनी वाऱ्याचे तेवढे दिवस वेचले, स्वच्छ दिवस बाजूला ठेवले, आणि लियोंला परतणाऱ्या प्रत्येक रेघेत पंधरा मिनिटं घातली. रकान्याच्या डोक्यावर लिहिलं: वारा. आजाक्सियो ८.२५, लियों १०.०५. दिवसाची शेवटची फेरी काढून टाकली. कागदावर दर दोन ओळींनंतर एक बारीक पायरी दिसू लागली. बघायला बरं वाटत होतं.

भीमूला त्यांनी खरं सांगितलं नाही.

याला कारण होतं. भीमू दहा वर्षांचा असताना शाळेसाठी काळी नदीचा नकाशा काढायचा होता. तो पोरगा रडकुंडीला आलेला बघून बाळाचार्यांनी ड्यूटीवरून आल्यावर स्वतः काढून दिला. मास्तरांनी तो वर्गाला दाखवून वाहवा केली, तसा भीमू उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, अप्पांनी काढलाय." छड्या खाऊन घरी आला, आणि तोंड फुगलेलं नव्हतं. त्याच्या पोटात काही राहत नसे. त्याला सांगितलं असतं तर त्यानं देलमासला सांगितलं असतं, देलमासनं आणखी कुणाला, आणि पंधरा मिनिटं महिन्याभरात संपली असती.

'परतीला समोरचा वारा आहे,' त्यांनी लिहिलं. 'पंधरा मिनिटं धरावी लागतील. नोंदींवरून काढलंय.'

पाकीट परशुरामच्या हातात देताना त्यांना उगाचच वाटलं की ते जरा जड लागतंय.

वेळेवर

अठ्ठ्याहत्तर: देलमासनं शेवटची फेरी काढू दिली. कुरकुरला, पण काढू दिली.

एकोणऐंशी: भीमूनं वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. लोक म्हणतात, बदक वेळेआधी उतरतं. पाचवं विमान आलं.

ऐंशी: सहावं. नवीन गावं, ब्रेस्त आणि ट्युनिस. बाळाचार्यांनी कागदाला खाली कागद जोडला. आता दर हंगामाला भीमूचा कच्चा आराखडा येई आणि अप्पांचा पक्का चार्ट जाई. श्यामलाबाईंनी दुसरा वरवंटा विकत घेतला.

याच वर्षी देलमासची चिठ्ठी आली, भीमूनं खाली भाषांतर करून: 'तुझ्या काकांना सांग, त्यांचा वारा मला फार आवडला. माझ्या बसच्या रस्त्यावर एका खिंडीत असाच वारा होता. तीस वर्षं वाहत होता.' त्याखाली भीमूचं स्वतःचं वाक्य: 'बसला कसला वारा? म्हातारा हल्ली काहीही बोलतो.'

बाळाचार्य हसले. किती वर्षांनी कोण जाणे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. श्यामलाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"काय झालं?"

"तिकडे एक कंट्रोलर आहे," ते म्हणाले. "आपला माणूस."

"मग बोलवा जेवायला."

परशुरामला त्यांनी पाकिटांवरची तिकिटं दिली. परशुराम अळणावरकडचा, त्याच्या पोरांना परदेशी तिकिटांचा नाद. "इमान कुठवर आलं री, आचार्य?" असं तो दारातून विचारी आणि बाळाचार्य घड्याळ बघून सांगत, "आता नीसच्या वर असेल." परशुराम मान वर करून सप्तापूरच्या आभाळात बघे. चेष्टेनं बघतो की खरंच, हे कळत नसे.

क्रॉसिंग, १९८२

तिकडून आलेलं पत्र:

'अप्पा, देलमास आजारी पडले, मुलांनी कंपनी विकली. नवे लोक पॅरिसचे आहेत. त्यांच्या सल्लागारानं पाच वर्षांच्या सगळ्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये घातल्या. तो म्हणतो, तुमचा वारा सरासरी चार मिनिटांचा आहे. तो म्हणतो, आकडा बनावट आहे. बारा माणसांसमोर मी उभा राहिलो आणि म्हणालो, हा आकडा माझ्या अप्पांनी काढलाय आणि ते आकड्यात चुकत नाहीत. आता तुम्ही मला सांगा. वारा किती मिनिटांचा आहे?'

इकडून गेलेली पत्रं, तीन. पैकी दोन गेली नाहीत.

पहिलं: 'वारा पंधरा मिनिटांचाच आहे. कॉम्प्युटरला वारा लागत नाही.' हे लिहून त्यांनी दोन दिवस खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोष्टाच्या पेटीपर्यंत गेले. पेटीपुढे उभं राहिल्यावर त्यांना वर्गात उठून उभा राहिलेला दहा वर्षांचा मुलगा दिसला. बारा माणसांसमोर तो आपल्या शब्दावर उभा आहे. आणखी एक खोटं पायाखाली सरकवलं तर तो त्याच्यावरही तितक्याच विश्वासानं उभा राहील. ते परत आले.

दुसरं: आठ पानांचं. उणकल, ढिली माती, सवड म्हणजे काय, ती का लपवावी लागते, देलमासच्या खिंडीतला वारा. श्यामलाबाईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"खरं आहे सगळं," त्या म्हणाल्या. "पण त्यानं विचारलंय किती मिनिटं. तुम्ही सांगताय का."

"का ते कळल्याशिवाय किती ते कसं कळणार?"

"ते त्याचं तो बघेल. पाच वर्षं त्याच्या तोंडून आपलं बोलून घेतलंत. आता तरी विचारलं तेवढं सांगा."

"सांगितलं तर ते लोक मिनिटं काढतील, श्यामला. मग सगळं कोसळेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

परशुराम रोज विचारी, काही द्यायचंय का, आणि रोज रिकाम्या हातानं जाई. असे एकोणीस दिवस गेले. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही गाडीला एवढं थांबवलं नव्हतं.

तिसरं: 'वारा चार मिनिटांचा. अकरा मी घातली. काढू नका.'

हे गेलं.

या पत्राचं काय झालं ते त्यांना पुढे तीन वर्षांनी कळलं, पण इथेच सांगितलेलं बरं. भीमूनं ते सभेत नेलं आणि आपल्या सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं. पहिलं वाक्य ऐकून सल्लागारानं मान डोलावली. दुसरं ऐकून लोक हसले. तिसरं कुणाला ऐकूच गेलं नाही. भीमूला वेळापत्रकावरून काढून हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. अकरा मिनिटं काढली, अर्ध्या तासाचे थांबे वीस मिनिटांवर आणले, आणि दर विमानामागे दिवसाला जवळजवळ एक फेरी निघाली. सगळ्यांना वाटलं, फुकट मिळाली.

चार वेळापत्रकं

हिवाळा, ८२–८३. पाकिटात फक्त छापील वेळापत्रक. पत्र नाही. बाळाचार्यांनी पाकीट उलटं करून झटकलं.

उन्हाळा, ८३. नऊ विमानं, त्यांतली दोन जेट. रंगीत मुखपृष्ठ, हसणारी मुलगी. पत्र नाही. कुणी मागितलं नव्हतं तरी बाळाचार्यांनी कागद पसरला. रेघा इतक्या दाट आल्या की मधली पांढरी जागा शोधावी लागे. श्यामलाबाई बघून म्हणाल्या, "रफू केल्यासारखं दिसतंय." त्यांनी पत्र लिहिलं: 'शनिवारी चौथ्या विमानाला मोकळं ठेवा.' उत्तर नाही.

हिवाळा, ८३–८४. परशुराम आता विचारत नसे विमान कुठवर आलं. पाकीट देई आणि सायकलला टांग मारी. एकदाच म्हणाला, "पोरगं रुसलंय, पर पत्ता इसरलं न्हाई. ह्ये बी काय कमी हाय री?"

उन्हाळा, ८४. अकरा विमानं, एकोणीस गावं. मुखपृष्ठावरचं बदक आता नुसतं दोन रेघांचं, बदक आहे असं सांगावं लागेल असं. चार्ट काढायला बाळाचार्यांना तेरा दिवस लागले. पाठ धरली, चष्म्याचा नंबर वाढला. शनिवारी सातव्या विमानाच्या सकाळच्या रेघेवर त्यांनी पेन्सिलीनं एक लहान गोल काढला. इथून. म्हातारी चढायला उशीर करेल, किंवा धुकं येईल, किंवा काहीच नाही, एखाद्याची टोपी उडेल. पत्र लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर ठेवून दिलं. गेल्या वर्षी लिहिलं होतं. ज्याला लिहायचं तो सामानाच्या खिडकीवर होता हे त्यांना माहीत नव्हतं. पण वाचणारा दुखावलेला आहे एवढं माहीत होतं.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी लियोंवर चाळीस मिनिटं धुकं होतं. दुपारपर्यंत अकराच्या अकरा विमानं चुकीच्या गावी होती. दुसऱ्या शनिवारी धुकं नसताना तेच झालं. तिसऱ्या शनिवारी लोक सामानावर बसून रडले, आणि त्या सामानातलं निम्मं भीमूच्या खिडकीवर आलं. ज्या सहल-कंपन्या माणसं आणत त्यांनी तोंड फिरवलं. हिवाळ्यात भाड्याची विमानं परत गेली. पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये सरकारनं परवाना काढून घेतला.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याचं वेळापत्रक आलं नाही. एक कार्ड आलं. 'येतो. भीमू.'

थांबा

तो एप्रिलमध्ये आला. छत्तीस वर्षांचा, कपाळ मागे गेलेलं, हातात एकच बॅग. श्यामलाबाईंनी त्याला पोटाशी धरलं. बाळाचार्यांनी विचारलं, "गाडी वेळेवर होती?" आणि लगेच त्यांना वाटलं की हे विचारायला नको होतं.

"होती," भीमू म्हणाला.

आठ दिवस तो नुसता झोपला. नवव्या दिवशी सकाळी मधल्या खोलीत आला. चार्टच्या गुंडाळ्या कोपऱ्यात उभ्या होत्या. एकेक उलगडून त्यानं पाहिल्या. चौऱ्याऐंशीच्या चार्टवरचा पेन्सिलीचा गोल त्याला दिसला. त्यावर बोट ठेवून तो उकिडवा बसला.

"सातवं विमान," तो म्हणाला. "तिथूनच तुटलं."

बाळाचार्य खुर्चीत होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"कागदावर होतं. कुणीही—"

"कुणीही नाही, अप्पा. तुम्हाला माहीत होतं, देलमासला माहीत होतं. बसवाला मला म्हणाला होता, काकांचा वारा आवडला. मी भाषांतर केलं त्याचं! वर शेरा मारला. पाच वर्षं तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होता, आणि मी मधे पोस्टमन."

"पोस्टमनला काय वाईट आहे," श्यामलाबाई आतून म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस," बाळाचार्य म्हणाले.

"असं तुम्ही ठरवलंत."

"नकाशा आठवतोय? काळी नदीचा."

"मी दहा वर्षांचा होतो!" भीमूचा आवाज चढला आणि मग उतरला. "अठ्ठावीस वर्षांचा झालो तरी तुम्ही मला दहाचाच धरलात. लपवायचं होतं तर मला सांगून लपवायचं. मीसुद्धा धरलं असतं पोटात. कदाचित नसतं. पण मला विचारायला हवं होतं."

"हो," बाळाचार्य म्हणाले.

भीमूला भांडण हवं होतं; तयारी करून आला होता.

"आणि मग खरं तरी का सांगितलंत? पंधराच आहे म्हणाला असतात तर मी लढलो असतो."

"म्हणूनच," बाळाचार्य म्हणाले. त्यांना फार दमल्यासारखं झालं. डाव्या कानात मुगद, नवलूर, उणकल, सगळे एकदम गप्प होते. "तू लढला असतास. खोट्यासाठी."

"विमानं वाचली असती."

"कदाचित."

"तीनशे माणसं कामाला होती, अप्पा."

"हो."

भीमूनं चार्ट गुंडाळला. दोरी बांधताना त्याला गाठ येईना. बाळाचार्यांनी हात पुढे केला तसा त्यानं गुंडाळी बाजूला घेतली आणि स्वतःच, वाकडीतिकडी, गाठ मारली.

सवड

या भागात काही होत नाही.

मे महिना. बाळाचार्य संध्याकाळी केलगेरीच्या तळ्यापर्यंत चालत जातात आणि बांधावर बसतात. बदकं कधीच परत गेली आहेत. पाणी आटून कडेला चिखलाची भेगाळलेली पट्टी दिसते, तिच्यावर एक म्हैस उभी आहे. पलीकडे कुणीतरी कन्नडमध्ये कुणालातरी हाक मारतं, आणि बऱ्याच वेळानं ओ येते.

घरी भीमू कुणाशी फारसं बोलत नाही. भाकरी वाढली की खातो. भांडत नाही. त्यापेक्षा भांडला असता तर बरं, असं श्यामलाबाई म्हणतात.

म्हैस पाण्यात उतरते.

पोचला

जूनमध्ये भीमूला हुबळीजवळ तारिहाळला, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली. काम वेळापत्रकाचंच: कुठलं यंत्र कधी कुठला नग घेईल ते. पहिल्या दिवशी चपला घालताना श्यामलाबाईंनी विचारलं, "कधी येशील? भाकऱ्या गरम करायला बरं."

"सात वाजता," तो म्हणाला.

आला पावणेसातला. दुसऱ्या दिवशीही पावणेसातला. आठवडाभर तेच. श्यामलाबाई कुरकुरल्या, "सात म्हणतोस आणि लवकर टपकतोस. माझा तवा तापलेला नसतो."

"बस लवकर मिळाली," भीमू म्हणे.

बाळाचार्य खुर्चीत बसून ऐकत. आठवडा झाल्यावर त्यांनी मनातल्या मनात रेघ ओढली. साडेपाचला कारखाना सुटतो. हमरस्त्यापर्यंत चालत दहा मिनिटं. हुबळीच्या स्टँडपर्यंत बस, तिथे दुसरी, धारवाड, मग सप्तापूरपर्यंत पायी. सगळं मिळून सव्वा तास. पावणेसात. रोज पावणेसातच व्हायला हवे होते. लवकर वगैरे काही नव्हतं.

विचारायला हवं होतं की नको, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी ते ठरवायचं सोडून दिलं.

जुलैच्या एका गुरुवारी पाऊस होता. पावणेसात वाजले, भीमू आला नाही. पावणेसात वाजून पाच. श्यामलाबाई स्वयंपाकघरात गात होत्या. त्यांच्या लेखी अजून वेळ होता. बाळाचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला पाच मिनिटं. आत तवा ठेवल्याचा आवाज आला.

सातच्या ठोक्याला फाटक वाजलं. भीमू दारात उभा राहिला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, हाताला काळं ग्रीस. नवलूरजवळ बसचं चाक चिखलात रुतलं होतं, सगळ्यांनी उतरून ढकललं होतं, हे नंतर जेवताना कळलं.

"आलास?" श्यामलाबाई आतून म्हणाल्या. "आज बरोबर आलास बघ. बस, वाढते."

बाळाचार्य घड्याळाकडे बघत होते, भीमूकडे नाही. "सात," ते म्हणाले, कंट्रोल ऑफिसात म्हणत त्या आवाजात. "राइट टाइम."

भीमू एका पायावर उभा राहून चप्पल सोडवत होता. पट्टा ओला झालेला, सुटेना. त्यानं मान वर केली नाही.

"वारा होता," तो म्हणाला.